डेटाबेसचं कमांड लाइन टूल: एका अक्षराला एकच अर्थ द्यायचा, तर जुन्या स्क्रिप्ट्सचं काय?

अर्धविराम | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमकडे डेटाबेसच्या रोजच्या कामांसाठी घरीच लिहिलेलं एक कमांड लाइन टूल आहे, टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून चालवायचं. बॅकअप घेणं, रीस्टोअर करणं, टेबल फाइलमध्ये काढणं, फाइलमधून भरणं, युजर बनवणं, असली कामं. सात वर्षांत पाच-सहा जणांचे हात त्याला लागले. प्रत्येकाने आपापला भाग चांगला लिहिला, पण शेजारचा भाग उघडून पाहिला नाही. आज अवस्था अशी की टेबलांची यादी ‘लिस्ट’ म्हटलं की मिळते, युजरची ‘शो’ म्हटल्यावर, आणि बॅकअपची ‘एलएस’ने. तेही एक वेळ चालवून घेऊ. खरं दुखणं आहे -एफ हा फ्लॅग, म्हणजे कमांडच्या पुढे टाइप करायचा छोटा पर्याय. एक्स्पोर्टमध्ये -एफ म्हणजे फाइल, इम्पोर्टमध्ये फॉरमॅट, आणि रीस्टोअरमध्ये फोर्स.

गेल्या आठवड्यात व्हायचं ते झालं. टीममध्ये नवीन आलेली मुलगी दोन दिवस एक्स्पोर्ट करत होती. -एफ आणि पुढे फाइलचं नाव, हे बोटांत बसलं. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं:

रीस्टोअर -एफ रविवार.बॅकअप

तिला म्हणायचं होतं, ‘रविवारची फाइल वापर.’ टूलने वाचलं, ‘रविवारची फाइल घे आणि काही विचारत बसू नकोस.’ कुठल्या डेटाबेसवर ते तिने लिहिलं नव्हतं, म्हणून टूलने तिच्या सेटिंगमधला घेतला. तो होता सगळ्यांचा सामायिक टेस्ट डेटाबेस. चौघांनी अडीच दिवस बसून तयार केलेला डेटा अकरा सेकंदांत गेला. टूलने हूं की चूं केलं नाही, कारण त्याच्या लेखी कमांड बिनचूक होती.

ती दिवसभर सगळ्यांची माफी मागत फिरत होती. माझ्या मते चूक तिची नाहीच, टूलची आहे.

आता मला हे सगळं एका वळणावर आणायचंय. अडचण ही की चाळीसेक स्क्रिप्ट्स (आपोआप चालणाऱ्या कमांड्सच्या फाइली) रात्री या टूलवर चालतात आणि त्यातल्या बऱ्याच ज्यांनी लिहिल्या ते सोडून गेलेत. फ्लॅग बदलले तर त्या मोडतील. नाही बदलले तर पुढचा नवा माणूस त्याच खड्ड्यात पडेल. तुम्ही काय केलं असतं?

रातकिडा | सोमवार, रात्री ९:२२

डेटा पुसणाऱ्या प्रत्येक कमांडला आधी विचारायला लावा. आज रात्रीच. बाकीची चर्चा उद्या करू.

जुनंखोड | सोमवार, रात्री १०:०५

माझं मत उलट आहे, आणि ते मी अनुभवातून सांगतोय. चालतं त्याला हात लावू नका.

एका ठिकाणी बॅकअपची यादी देणारी कमांड होती. तिच्या यादीतला तिसरा रकाना म्हणजे तारीख. जुने बॅकअप काढून टाकणारी स्क्रिप्ट तो रकाना उचलायची आणि ३० दिवसांपूर्वीची तारीख दिसली की फाइल पुसायची. कुणीतरी चांगल्या हेतूने यादीत ‘आकार’ हा रकाना घातला, तारखेच्या आधी. माणसाला वाचायला यादी छानच झाली. स्क्रिप्टला मात्र तारखेच्या जागी आकार मिळायला लागला. त्यातून तारीख निघेना, म्हणून ती एकही फाइल पुसेना आणि तक्रारही करेना. दीड महिन्याने डिस्क भरली, तीही महिनाअखेरीच्या रात्री. मी तेव्हा ड्यूटीवर होतो. कारण सापडायला पहाटेचे चार वाजले.

तेव्हा ‘एका वळणावर आणणं’ ऐकलं की मला ती रात्र आठवते. लोकांना लागलेली सवय हाही टूलचाच भाग असतो. नव्या माणसाला शिकवता येतं, रात्री दोन वाजता एकटी चालणारी स्क्रिप्ट शिकत नाही.

टर्मिनलवाली | सोमवार, रात्री १०:४०

जुनंखोड, तुमची रात्र वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही सांगितलेलं दुखणं फ्लॅगचं नाही, आउटपुटचं आहे. त्यावर नंतर येते.

अर्धविराम, तुमचं -एफ वाचून मी मान डोलावली, कारण मोठ्या डेटाबेसांच्या टूल्समध्येही हेच आहे. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीएसक्यूएल या टूलमध्ये -एफ म्हणजे फाइल. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये -एफ म्हणजे फोर्स, चूक आली तरी पुढे जात राहा. बरं, दोन वेगळी घरं म्हणून सोडून द्यावं तर पोस्टग्रेसच्याच घरात डेटाबेस काढून टाकणाऱ्या ड्रॉपडीबी कमांडला १३ व्या आवृत्तीपासून -एफ आहे, आणि तिथे त्याचा अर्थ फोर्स! डेटाबेसला जोडलेले सगळे लोक तोडा आणि मग डेटाबेस काढा. पीजी-डंपमध्ये, म्हणजे डेटाबेसची प्रत (डंप) काढणाऱ्या टूलमध्ये, छोटं एफ म्हणजे आउटपुटची फाइल आणि मोठं एफ म्हणजे फॉरमॅट. शिफ्ट दाबली की अर्थ बदलला.

-पी ची गंमत तर माझ्या डोळ्यांसमोर घडलीय. पीएसक्यूएलमध्ये छोटं पी म्हणजे पोर्ट. मायएसक्यूएलमध्ये छोटं पी म्हणजे पासवर्ड, पोर्टला मोठं पी. शिवाय छोट्या पीच्या पुढे जागा सोडायची नाही. सोडली तर पुढचा शब्द पासवर्ड न राहता डेटाबेसचं नाव ठरतो. शेजारच्या सहकाऱ्याने जागा सोडून पासवर्ड लिहिला. टूलने पुन्हा पासवर्ड मागितला, त्याला वाटलं नेटवर्कची भानगड असेल, म्हणून त्याने परत दिला. मग स्क्रीनवर एरर आली: अमुक नावाचा डेटाबेस माहीत नाही. अमुकच्या जागी त्याचा अख्खा पासवर्ड होता, आणि स्क्रीन प्रोजेक्टरला जोडलेली होती.

कोरी_पाटी | सोमवार, रात्री ११:१५

मी या क्षेत्रात नवीन आहे, म्हणून प्रश्न बाळबोध वाटेल. मला पहिल्या दिवशी अडलं ते बाहेर पडायला. पीएसक्यूएल उघडलं, चौकशी झाली, आता बंद करायचं कसं? एक्झिट लिहिलं, क्विट लिहिलं, बाय लिहिलं. काहीच होईना. शेवटी टर्मिनलची खिडकीच बंद केली. हे सगळ्यांचं होतं का?

चकवा | सोमवार, रात्री ११:२१

सगळ्यांचं होतं. तुम्ही नक्की जुनी आवृत्ती उघडली होती. पीएसक्यूएलमध्ये पूर्वी फक्त \क्यू चालायचं. २०१८ साली आलेल्या ११ व्या आवृत्तीपासून नुसतं एक्झिट किंवा क्विट लिहिलं तरी चालतं. एसक्यूलाइटमध्ये टिंब देऊन .क्विट. मायएसक्यूएलमध्ये एक्झिट, क्विट, \क्यू, तिन्ही.

ओरॅकलच्या एसक्यूएल-प्लसमध्ये बाहेर पडणं सोपं आहे, पण ते ज्याला माहीत नाही त्याला धडकी भरेल असं. बदल करून नुसतं एक्झिट म्हटलं तर तो आधी कमिट करतो, म्हणजे बदल पक्के करतो, आणि मग बाहेर पडतो. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) उघडं ठेवून बाहेर पडलात तर बदल रद्द होतात. म्हणजे ‘काहीतरी चुकलं, बाहेर पडतो’ म्हणून एकाच शब्दाने निघालात, तर एकीकडे चूक पुसली जाते आणि दुसरीकडे कायमची होते.

कोरी_पाटी | सोमवार, रात्री ११:२६

बाप रे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

टर्मिनलवाली | सोमवार, रात्री ११:५०

कोरी_पाटी, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. अजून एक गोष्ट वहीत लिहा: प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करायच्या जागेआधी टूल दाखवतं ती खूण, वाचायला शिका. पीएसक्यूएलमध्ये असं दिसतं (ग्राहक हे डेटाबेसचं नाव):

ग्राहक=>
ग्राहक->
ग्राहक'>

पहिल्यात बरोबरचं चिन्ह आहे, म्हणजे टूल नव्या कमांडची वाट पाहतंय. दुसऱ्यात आडवी रेघ, म्हणजे तुमचं वाक्य अर्धं आहे, सेमिकोलन (अर्धविराम) राहिला. तिसऱ्यात अवतरण चिन्ह, म्हणजे कुठेतरी अवतरण उघडून बंद केलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत एकजण तिसऱ्या अवस्थेत दहा मिनिटं मदत मागत होता. हेल्प लिहिलं, एक्झिट लिहिलं, सगळं त्या उघड्या अवतरणाच्या पोटात जात होतं. आता ११ पासून अशा वेळी टूल सूचना देतं की बाहेर पडायला कंट्रोल-डी दाबा. अशी सुधारणा मला सगळ्यात मोलाची वाटते. कुठलीही जुनी सवय मोडली नाही, आणि अडकलेल्या माणसाला वाट मिळाली.

ट्रान्झॅक्शन चालू असेल तर त्याच प्रॉम्प्टमध्ये चांदणी दिसते, आणि ट्रान्झॅक्शन फसलं असेल तर उद्गारचिन्ह. एका अक्षराच्या जागेत केवढं सांगितलंय!

रातकिडा | मंगळवार, सकाळी ८:३०

धागाकर्ते कुठे आहेत? अर्धविराम आला नाही की पुढे काही चालत नाही, प्रॉम्प्ट नुसता बाण दाखवत थांबलाय.

चकवा | मंगळवार, सकाळी ८:३४

रातकिडा, हाहाहा. अवांतर: पीएसक्यूएलमध्ये नल (माहितीच भरलेली नाही) असलेली जागा मुळात कोरी दिसते, आणि रिकामी अक्षरमाळाही कोरीच. मायएसक्यूएल तिथे ‘नल’ असं लिहून दाखवतं. मी एकदा दोन तास ‘फोन नंबर रिकामा असलेले ग्राहक’ शोधत होतो. स्क्रीनवर ढीगभर दिसत होते, कंडिशन लावली की शून्य. ते सगळे नल होते. तेव्हापासून माझ्या सुरुवातीच्या सेटिंग फाइलमध्ये पहिलीच ओळ \पीसेट नल ची आहे, नलच्या जागी काय दाखवायचं ते ठरवणारी.

जुनंखोड | मंगळवार, सकाळी ९:१५

अवांतर नाही, हेच मुख्य आहे. टूल माणसाला जे दाखवतं त्यावर माणूस निर्णय घेतो.

टर्मिनलवालींचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. स्क्रिप्ट्स मोडतील अशी भीती मी घातली, पण मुळात स्क्रिप्ट मोडली हे कळतं तरी का? पीएसक्यूएलला पन्नास वाक्यांची फाइल दिली आणि सातवं वाक्य चुकलं, तर ते मुळात थांबत नाही. उरलेली त्रेचाळीस चालवतं आणि शेवटी एक्झिट कोड शून्य देतं, म्हणजे सगळं आलबेल. थांबायला हवं असेल तर ऑन-एरर-स्टॉप हे आपण चालू करायचं, मग कोड ३ मिळतो. मायएसक्यूएलचा क्लायंट उलट वागतो, पहिल्या चुकीला थांबतो, आणि पुढे जायचं असेल तर ते -एफ द्यायचं. एसक्यूलाइटला थांबवायला -बेल सांगावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएलसीएमडीला -बी. चार टूल्स, चार तऱ्हा.

अर्धविराम, तुमच्या चाळीस स्क्रिप्ट्सपैकी किती जणी एक्झिट कोड तपासतात ते आधी मोजा. हे माहीत नसताना काहीही बदललंत तर मोडलेलं महिनोन्महिने दिसणार नाही.

रातकिडा | मंगळवार, सकाळी १०:०२

जुनंखोडांच्या बोलण्याला धरून कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचं उदाहरण देतो, त्यांनी स्वतःच सगळं जाहीर लिहिलंय. ३१ जानेवारी २०१७. दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायची होती, कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबी डेटा गेला, हात थांबेपर्यंत साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप शोधायला गेले तर पीजी-डंपचे बॅकअपच नव्हते. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि चालत होतं ९.२ चं पीजी-डंप. ते आवृत्ती जुळत नाही म्हणून दर वेळी थांबत होतं. ‘बॅकअप फसला’ असे ईमेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सहा तास आधीच्या स्नॅपशॉटवरून उभे राहिले.

टूलने आपलं काम केलं होतं. चूक दिसल्यावर थांबलं, खोटं यश दाखवलं नाही. ते ओरडणं माणसापर्यंत पोचलं नाही. आणि नंतर जी कामं त्यांनी हाती घेतली त्यात एक होतं, प्रत्येक सर्व्हरचा प्रॉम्प्ट असा करायचा की आपण कुठे आहोत ते लगेच कळावं.

मी पीएसक्यूएलच्या प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचं नाव घातलंय. प्रॉडक्शनवर लाल, टेस्टवर हिरवा.

चकवा | मंगळवार, सकाळी १०:१०

लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही असे सहकारी असतात. नावही लिहा, नुसता रंग नको.

रातकिडा | मंगळवार, सकाळी १०:१२

बरोबर. नाव आहेच, रंग वरून.

वाटसरू | मंगळवार, दुपारी १:२०

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मूळ प्रश्न होता: फ्लॅगचा अर्थ बदलावा का? यावर एक इतिहास सांगण्यासारखा आहे, आणि माझ्या मते उत्तर त्यात आहे.

पोस्टग्रेसच्या पीजी-डंपमध्ये एके काळी -डी याचा अर्थ होता ‘डेटा इन्सर्टच्या (एकेक नोंद भरणाऱ्या) वाक्यांच्या रूपात काढ’. पण पीएसक्यूएलमध्ये -डी म्हणजे डेटाबेसचं नाव. लोक सवयीने पीजी-डंप -डी आणि पुढे डेटाबेसचं नाव लिहायचे. कमांड चालायची! कारण -डी ने इन्सर्ट चालू व्हायचं आणि पुढचं नाव डेटाबेसचं म्हणून घेतलं जायचं. एरर नाही, इशारा नाही. फक्त डंप परत भरायला प्रचंड वेळ लागायचा, आणि तो का लागतो हे त्या माणसाला कधीच कळायचं नाही. अर्धविराम, हे तुमच्या रीस्टोअरचंच भावंड आहे ना? चुकीची कमांड जी चुकीची ठरत नाही.

मग त्यांनी काय केलं ते बघा. २००९ मध्ये ८.४ आवृत्तीत -डी काढून टाकलं. त्याला लगेच नवा अर्थ दिला नाही. लांब नाव, --इन्सर्ट्स, तसंच ठेवलं. ज्याच्या स्क्रिप्टमध्ये -डी होतं त्याला थेट एरर. मग २०१३ मध्ये ९.३ आवृत्तीत -डी परत आलं, या वेळी डेटाबेसचं नाव म्हणून, पीएसक्यूएलसारखंच. मधली चार वर्षं ती खुर्ची रिकामी ठेवली.

माझ्यासाठी सगळं त्या रिकाम्या खुर्चीत आहे. फ्लॅग काढला तर स्क्रिप्ट थांबते, आरडाओरडा होतो, कुणीतरी दुरुस्त करतं. फ्लॅगचा अर्थ एका रात्रीत बदलला तर स्क्रिप्ट थांबतच नाही, ती वेगळंच काम करत राहते. जुनंखोडांच्या गोष्टीत हेच झालं. तिसरा रकाना नाहीसा झाला नव्हता, त्याचा अर्थ बदलला होता.

जुनंखोड | मंगळवार, दुपारी १:४५

वाटसरू, शेवटची ओळ दोनदा वाचली. तो रकाना नाहीसाच झाला असता तर स्क्रिप्ट पहिल्याच रात्री कोसळली असती आणि मला दीड महिना आधी कळलं असतं. मी म्हणत होतो बदलू नका. आता म्हणतो, बदला, पण जुना अर्थ आणि नवा अर्थ एकमेकांना टेकू देऊ नका.

टर्मिनलवाली | मंगळवार, दुपारी ३:१०

आता आउटपुटचं, काल राहिलं होतं. माणसासाठीचं आउटपुट आणि स्क्रिप्टसाठीचं आउटपुट हे दोन वेगळे करार आहेत. माणसासाठी रकाने जुळवा, रंग द्या, आकार ‘१.४ जीबी’ असा लिहा, उद्या बदला, परवा पुन्हा बदला. स्क्रिप्टसाठी वेगळा फ्लॅग हवा आणि त्यातलं काहीही वचन दिल्याशिवाय हलवायचं नाही. पीएसक्यूएलला २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत --सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारं रूप) आलं. त्याआधी लोक उभ्या रेघेवर तुकडे करत बसायचे, आणि डेटामध्येच उभी रेघ आली की कोलमडायचं. सीएसव्हीत किंवा जेसनमध्ये रकान्यांना नावं असतात. स्क्रिप्टने ‘तारीख’ नावाचा रकाना मागितला की तो तिसरा असो वा नववा.

आणि कृपा करून एरर स्टँडर्ड एररवर, म्हणजे आउटपुटपासून वेगळ्या वाटेने, पाठवा. ‘कनेक्ट होता आलं नाही’ हे वाक्य सीएसव्हीच्या फाइलमध्ये पहिल्या ग्राहकाचं नाव म्हणून आलेलं मी पाहिलंय.

रातकिडांच्या पहिल्या प्रतिसादात थोडी भर. नुसतं हो-नाही विचारू नका. चौथ्या दिवशी बोट वाचायच्या आधीच ‘हो’ दाबतं. डेटाबेसचं नाव पूर्ण टाइप करायला लावा, आणि त्याच्यावर एक ओळ दाखवा: कुठला सर्व्हर, किती टेबलं, शेवटचा बदल कधी. समोर टर्मिनल नसेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवत असेल, तर विचारत अडकून राहायचं नाही. लांब नावाचा होकार दिलेला नसेल तर एरर देऊन बाहेर. आणि त्या होकाराला एका अक्षराचं रूप देऊच नका. धोक्याची गोष्ट लिहायला थोडे कष्ट पडले तर पडू देत.

चकवा | मंगळवार, दुपारी ३:३०

मायएसक्यूएलमध्ये असा आधार आहे, --सेफ-अपडेट्स. तो चालू असला तर की-कॉलमवरची (नोंद शोधायच्या रकान्यावरची) अट किंवा लिमिट न दिलेलं अपडेट आणि डिलीट नाकारलं जातं. पण त्याच फ्लॅगचं दुसरं अधिकृत नाव आहे --आय-ॲम-अ-डमी, म्हणजे ‘मी मठ्ठ आहे’. मला ते नाव मनापासून खटकतं. सगळ्यात अनुभवी माणसालाही दमलेल्या संध्याकाळी हा आधार हवा असतो, आणि नवख्याला तर हवाच. स्वतःला मठ्ठ म्हणवून कोण चालू करेल?

कोरी_पाटी | मंगळवार, दुपारी ३:४१

मी नसता केला. सेफ-अपडेट्स नाव असेल तर नक्की करेन.

अर्धविराम | बुधवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. दोन दिवस तुम्ही सांगितलेलंच करत होतो. जुनंखोड म्हणाले तसं आधी मोजलं. स्क्रिप्ट्स एक्केचाळीस निघाल्या. एक्झिट कोड तपासणाऱ्या तेरा. सगळ्या सबकमांडचे एकाक्षरी फ्लॅग एका कागदावर मांडले: सव्वीसपैकी एकोणीस अक्षरं वापरात, त्यातली सात एकापेक्षा जास्त अर्थांची. -एफ सगळ्यात वाईट, त्याच्या खालोखाल -डी (डेटाबेस, डिलीट, आणि ड्राय रन म्हणजे काहीही न बदलता घ्यायची तालीम). ड्राय रन आणि डिलीटला एकच अक्षर आहे हे सात वर्षांत आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो कागद बघून आम्ही सगळे काही वेळ गप्प बसलो.

ठरलं ते असं. या सात अक्षरांच्या खुर्च्या रिकाम्या. लांब नावं सगळीकडे चालतील आणि सगळीकडे एकाच अर्थाने: --फाइल, --फॉरमॅट, --डेटाबेस. फोर्स हा शब्दच जाईल, कारण ‘कशाची बळजबरी’ हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी --असलेला-डेटा-पुसा. यादीसाठी एकच क्रियापद, ‘लिस्ट’. शो आणि एलएस टोपणनावं म्हणून राहतील, ती कुणाला इजा करत नाहीत. यादीला --जेसन. पुसण्याआधी नाव टाइप करणं. आणि फ्लॅग काढायच्या आधी उरलेल्या अठ्ठावीस स्क्रिप्ट्सना चूक आल्यास थांबायला शिकवायचं, हे पहिलं काम.

एररची ओळ मात्र तुम्ही बघून द्या. आत्ता अशी आहे:

अवैध पर्याय: -एफ

टर्मिनलवाली | बुधवार, रात्री ९:४४

ही ओळ वाचून माणूस काय करेल? मॅन्युअल शोधेल, किंवा तुम्हाला फोन करेल. असं करा:

रीस्टोअर: -एफ आता वापरात नाही. बॅकअपची फाइल द्यायची असेल तर --फाइल. असलेला डेटा पुसून भरायचा असेल तर --असलेला-डेटा-पुसा. काहीही बदललेलं नाही.

जुनंखोड | बुधवार, रात्री ९:५१

शेवटचं वाक्य पहिलं घ्या. रात्री उठवलेल्या माणसाला आधी तेच हवं असतं, की डेटा जागेवर आहे.

अर्धविराम | बुधवार, रात्री ९:५३

घेतलं.

वाटसरू | बुधवार, रात्री १०:२०

खुर्ची किती दिवस रिकामी ठेवणार?

अर्धविराम | बुधवार, रात्री १०:२४

निदान दोन वर्षं. -एफ बहुधा कधीच परत आणणार नाही.

कोरी_पाटी | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी ११:००

अर्धविराम, पुढे काय झालं? रोज येऊन बघतेय.

अर्धविराम | शनिवार, दुपारी १२:१५

नवीन आवृत्ती रविवारी लावली. पहिल्या रात्री चार स्क्रिप्ट्स थांबल्या, चौघींचे मेल आले, सकाळी अर्ध्या तासात दुरुस्त झाल्या. तिघी सरळ होत्या.

चौथी आठवड्यातून एकदा रीस्टोअर करणारी. तिच्यात -एफ आणि पुढे फाइलचं नाव होतं. वर कमेंट होती, ‘फाइल इथे द्या’. लिहिणाऱ्यालाही -एफ म्हणजे फाइलच वाटलं होतं. तीन वर्षं ती दर रविवारी न विचारता डेटा पुसून भरत होती, आणि डेटाबेस रिपोर्टिंगचा असल्यामुळे कुणाला जाणवलं नाही. दर सोमवारी रिपोर्टिंगवाले विचारायचे की आमचे शनिवारचे शेरे कुठे जातात. ते तिकीट अजून उघडं होतं. टीममधल्या त्या नव्या मुलीनेच काल ते बंद केलं.